गाडी हलकी केली तो उन्हाळा

कूलरचं गवत बदलून देणारा माणूस परवा आमच्या गल्लीत आला. लोडिंग रिक्षात गवताच्या गाद्या रचलेल्या, वरून दोरी आवळलेली, आणि एकाच सुरात चाललेली त्याची आरोळी. वैशालीनं गच्चीवरून हात केला. त्यानं जुन्या जाळ्या उघडल्या, क्षारानं पांढरं पडलेलं गवत उपसून अंगणात टाकलं, नवीन भरलं. पंप सुरू झाला आणि ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. इथला उन्हाळा माझ्यासाठी या वासानं सुरू होतो. त्याच्या पाठोपाठ मला दुसरा एक वास येतो, जो घरात कुठंच नसतो. रेझिनचा. फायबरचा पत्रा सुकत असताना येतो तो, गोडसर, डोक्यात चढणारा. वैशालीला मी हे कधी सांगितलं नाही. तिलाही येत असेल कदाचित.

त्या उन्हाळ्यात मी आमच्या गाडीतून एकशे एकतीस किलो वजन काढलं. एवढं एक वाक्य मी कुणालाही सांगू शकतो. कारखान्यात सांगितलंही होतं, लोकांनी कौतुकानं ऐकलं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सांगायचं म्हटलं की मला वेळ लागतो.

गाडी म्हणजे आमची लाल हॅचबॅक, लहानशी, पेट्रोलवरची. मी चिकलठाण्यात एका कारखान्याच्या टूलरूमला आहे. साचे बनवायचे आणि त्यांची मापं सांभाळायची, हे काम. कॉलेजात असताना आम्ही पोरांनी स्पर्धेसाठी एक छोटी रेसिंगची गाडी बांधली होती, तेव्हा डोक्यात शिरलेला किडा पुढं नोकरी लागली, लग्न झालं तरी निघाला नाही. पुण्याच्या पलीकडं एक लहान ट्रॅक आहे. तिथं हौशी माणसं आपापल्या रोजच्या गाड्या आणून पळवतात. दोनदा मीही गेलो होतो. वैशाली सोबत यायची. तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा. मी ट्रॅकवर असताना ती कठड्याशी उभी राहून फोनवर माझा वेळ लावायची आणि मी परत आलो की म्हणायची, "मागच्या फेरीपेक्षा दीड सेकंद हळू. वळणावर घाबरलात ना?"

तिला बरोबर कळायचं. गाडी चालवायला ती माझ्याकडूनच शिकली होती, सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर, याच गाडीत. ती औषधांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. पाऊस असला, माझी पाळी वेगळी असली की गाडी तीच न्यायची. गाडी जितकी माझी तितकीच तिची होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण त्या उन्हाळ्यात मी ते विसरलो होतो.

फेब्रुवारीत आमचं बाळ गेलं. आठवा महिना संपत आला होता. सकाळी चहा घेताना वैशाली म्हणाली, "अहो, आज हालचाल लागत नाही." आम्ही दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी करता करता डॉक्टरबाईंनी पडदा हळूच स्वतःकडं वळवून घेतला, तेव्हा मला कळलं. वैशालीला त्याच्याही आधी कळलं असावं, ती छताकडं बघत होती. पुढचे दोन दिवस मला तुकड्यातुकड्यानं आठवतात. मुलगी होती. नर्सनं कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं, "एक किलो आठशे." सासरे देवगाव रंगारीहून जीप घेऊन आले होते. त्यांच्या शेतात, बांधालगतच्या कडुलिंबाखाली आम्ही तिला ठेवलं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग लावलेले होते. मी दोन-तीन फावडी माती ओढली. सासऱ्यांनी माझ्या हातातून फावडं घेतलं आणि बाकीची त्यांनी ओढली.

बारसं झालं नव्हतं म्हणून नाव नव्हतं. सगळे 'बाळ' म्हणायचे. पंधरा दिवसांनी तेही म्हणेनासे झाले.

मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट बघितली. जेवताना घास घशाखाली जायचा, झोप लागायची, कामावर गेलो की मायक्रोमीटर हातात धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग बरोबर वाचता यायचा. फक्त सगळं जरा लांबून चाललेलं असायचं. दात काढायला सुई दिल्यावर गाल असतो तसं. आपलाच असतो, चावला तरी कळत नाही.

वैशालीला मी देवगावला माहेरी सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या तिला महिना-दोन महिने. इथं माणसांत राहील." परत एकटाच आलो. गाडी दारात लावली आणि मागं बघितलं. मागच्या सीटवर लहान बाळांसाठीची खुर्ची होती. जानेवारीत मीच आणून पट्ट्यानं आवळून बसवली होती. वैशाली तेव्हा हसली होती, "आत्तापासून?"

ती खुर्ची तेवढी काढायची म्हणून मी पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडीत शिरलो. तिचा पट्टा मागच्या सीटखाली अडकला होता. पट्टा सोडवायला सीट उचलली. सीट निघाली म्हणून पाठही सोडली, चार बोल्ट होते. पाठ निघाल्यावर खालचा गालिचा सैल झाला. गालिच्याखाली पत्र्यावर डांबराचे जाड तुकडे चिकटवलेले असतात, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. उन्हानं ते मऊ पडले होते. मी लोखंडी पट्टीनं खरवडायला लागलो. दुपारी शेजारच्या काकू पाणी द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "काय बिघडलं हो गाडीला?" मी म्हणालो, "काही नाही, हलकी करतोय."

तोपर्यंत मी तसं ठरवलं नव्हतं. बोलून गेल्यावर ठरलं.

ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीत वजनाला फार किंमत असते. गाडी हलकी असली की लवकर वेग घेते, उशिरा ब्रेक मारला तरी थांबते, वळणावर बाहेर फेकली जात नाही. इंजिनाला हात न लावता नुसतं वजन काढत गेलं तरी सेकंद कमी होत जातात. हे शास्त्र आहे, त्यात कुणाच्या मनाचा प्रश्न येत नाही. मला ते बरं वाटलं. धान्याच्या पोत्यांसाठी असतो तसला हुकाचा काटा मी आणला, अंगणातल्या अँगलला टांगला. निघेल ती वस्तू काट्याला अडकवायची आणि जाड मार्करनं तिच्यावरच आकडा लिहायचा. मागची सीट, एकोणीस. स्टेपनी, तेरा. एसीचं सगळं सामान, सतरा. माझ्या शेजारची सीट, चौदा. तीही काढली. ट्रॅकवर शेजारी कुणी बसत नाही.

मार्च गेला. कामावरून पाचला सुटलो की सरळ रफिकभाईंच्या शेडवर जायचो. जुन्या वसाहतीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड आहे. गाडी, काढलेलं सामान आणि काटा मी तिथंच हलवला होता. रफिकभाई पन्नाशीचे, दाढी मेंदीनं लाल, आयुष्य फायबरच्या टाक्या आणि बसचे बंपर बनवण्यात गेलेलं. आमच्या कारखान्याची कव्हरं ते करून द्यायचे, त्यातून ओळख. आमच्या घरचं त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मग गाडीकडं वळून म्हणाले, "शिंदेसाब, ये क्या करून बसले? अख्खी गाडी सोलून काढली तुमी."

"बॉनेट फायबरचं करायचंय. डिकीचं दारही. मागच्या काचा काढून प्लास्टिकच्या बसवायच्या."

"रस्त्यावर चालायची नाय मग ही. पासिंगवाले धरतील."

"रस्त्यावर चालवायचीच नाहीये."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं. मग मूळ बॉनेट काढून त्याला मेण चोळायला सुरुवात केली. आधी त्याच्यावरून साचा घ्यायचा, मग साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन ओतायचं, रोलरनं हवा काढायची. रोजे चालू होते. इतक्या उकाड्यात ते दिवसभर पाण्याशिवाय काम करत होते. मीही मग शेडमध्ये पाणी प्यायचं सोडलं. कुणासाठी असं नाही, हात थांबवावासा वाटत नव्हता इतकंच. रोजा सोडायची वेळ झाली की ते मला हाक मारून समोर बसवायचे, खजूर हातात द्यायचे. मी खायचो. गोड आहे हे कळायचं, पण ती चव आपल्याला लागतेय असं वाटायचं नाही.

फायबर घासताना त्याची बारीक कुसं हवेत उडतात आणि कातडीत घुसतात. अंघोळीनं जात नाहीत. कोपरापर्यंत खाज सुटायची. घरी येऊन कूलरसमोर बसून मी हात खाजवत राहायचो. त्या दोन महिन्यांत मला नक्की जाणवलेली गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी खाज म्हणेन. रफिकभाई म्हणायचे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मी घातला नाही.

वैशालीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलात का, नळाला पाणी आलं का, टाकी भरून ठेवली का. मी तिला गाडीचं सांगत नव्हतो. ती तिथलं सांगत नव्हती. सासऱ्यांचं शेत घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ती तिकडं जाते की नाही, हे मी विचारलं नाही. दोन-चार वाक्यं झाली की दोघंही गप्प व्हायचो आणि फोन चालू राहायचा. तिच्याकडच्या म्हशीच्या साखळीचा आवाज मला ऐकू यायचा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तिनं दुपारीच फोन केला. त्यांच्या कन्नड तालुक्याकडं आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. पाण्यानं भरलेली मातीची घागर, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, गोड सांजोरी, आंबा. त्या आठवड्यात मी रजा टाकली होती, आणि तेव्हा शेडमध्ये नवीन बॅटरीचं खोकं उघडत होतो. मुंबईहून मागवली होती, अगदी हलकी.

"अहो," ती म्हणाली, "आई उद्याच्या घागरी धुतेय. आज्याची, आजीची. मी विचारत होते, आपल्या बाळाची भरायची का?"

मी खोक्यातून बॅटरी बाहेर काढली.

"आई म्हणते, नाव ठेवलं नव्हतं, त्याची भरत नसतात. पण मला वाटतं भरावी. तुम्ही काय म्हणता?"

बॅटरी माझ्या डाव्या हातात होती. मी म्हणालो, "बॅटरी आली गं. जुनीपेक्षा आठ किलो कमी आहे."

 मग तिनं विचारलं, "कसली बॅटरी?"

"गाडीची."

तिनं फोन ठेवला. मी बॅटरी काट्याला लावली. तीन किलो शंभर. मार्करनं तिच्यावर लिहिलं. मी जे बोललो ते काय बोललो, हे मला समजत होतं. समजत असूनही मी बॅटरी जागेवर बसवली, पट्टी आवळली, तारा जोडल्या. माणूस असाही वागतो. मी वागलो म्हणून मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी, आखाजीच्याच दिवशी, मी रफिकभाईंना दारांचं काम सांगितलं. गाडीच्या दाराच्या पत्र्याआड एक आडवी पोलादी नळी असते. बाजूनं कुणी धडकलं तर ती आतल्या माणसाला वाचवते. चारी दारांतल्या नळ्या मिळून जवळपास दहा किलो भरत होत्या.

"कापून काढा," मी म्हणालो.

"ये नै करता मैं."

"रफिकभाई, ट्रॅकवर समोरून गाड्या येत नाहीत."

"बाजूनं तर येतात ना? भिंत तर असते ना?" त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. "साब, सीट काढली, काच काढली, मी बोललो का काही? शौक आहे आदमीला, करने दो. पण ही नळी गाडीसाठी नसते. आतल्या माणसासाठी असते. तुमाला माणूस नको का आत?"

"मग मी घरी कापतो," मी म्हणालो आणि त्यांचा ग्राइंडर उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग मी ग्राइंडर सोडला. ते शेडच्या बाहेर गेले, ऊन मी म्हणत होतं, आणि डोक्यावर रुमाल टाकून त्यांनी कुणाला तरी फोन लावला. कुणाला, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

वैशाली सकाळच्या एसटीनं आली. घरी न जाता स्टँडवरून रिक्षा करून थेट शेडवर. खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला, आधीपेक्षा बारीक. रफिकभाई तिला बघून उठले, "या वहिनी," म्हणाले, आणि कुलूप आणायचं निमित्त काढून निघून गेले.

तिनं गाडीकडं बघितलं. आत डोकं घालून नुसता पत्रा, नुसत्या तारा, एकच काळी खोलगट सीट बघितली. मग कोपऱ्यात रचलेल्या काढलेल्या सामानाकडं गेली. एकेका वस्तूवरचा आकडा वाचत होती. सगळ्यात खाली, मागच्या सीटआड, बाळाची खुर्ची होती. तिनं ती ओढून काढली. तिच्यावरही मी लिहिलं होतं. चार किलो दोनशे.

"हिचंही वजन केलंत?"

"सगळ्यांचंच केलं."

ती मागच्या सीटवर बसली. सीट जमिनीवर होती, त्यामुळं तिचे गुडघे वर आले होते. खुर्ची तिनं मांडीवर घेतली होती.

"आणि तिचं?" तिनं विचारलं. "तिचं माहीत आहे का तुम्हाला?"

"एक किलो आठशे."

तिनं मान वर केली. माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नोकरीत ती मिलिग्रॅममध्ये वजनं करते. आकडा लक्षात राहिला म्हणजे काय, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला काहीच झालं नाही."

"मला काही होत नाहीये, वैशाली. खरंच होत नाही. मी रोज बघतो."

ती यावर रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. बराच वेळ तिनं खुर्चीचा पट्टा बोटांत गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाली, "घागर मी भरली काल. आईला न सांगता. लिंबाखाली नेऊन ठेवली. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

रफिकभाई परत आले तेव्हा ती उठली आणि त्यांना म्हणाली, "भाई, ह्यांना जायचंय तर जाऊ द्या. पण तुम्ही फोनवर ते पाइपांचं म्हणत होता, ते बसवा आधी."

पाइपांचं म्हणजे गाडीच्या आतून बसवायचा पोलादी पिंजरा. गाडी उलटली तरी छत दबत नाही. रफिकभाईंच्या ओळखीच्या वेल्डरनं तो चार दिवसांत करून दिला. बावीस किलो वाढले. मी पाइप काट्याला लावून बघितले. दारांतल्या नळ्या होत्या तिथंच राहिल्या. एकशे एकतीसचा आकडा हे सगळं धरून आहे.

त्या दिवसापासून वैशाली घरीच राहिली. रोज संध्याकाळी शेडवर येऊन बसायची. मी काम करायचो, ती सांगितलेला पाना हातात द्यायची. पान्यांचे नंबर तिला लवकर पाठ झाले. आमचं बोलणं वाढलं असं काही नाही. एकदा ती फायबर घासायला लागली तेव्हा मी तिला माझा पूर्ण बाह्यांचा शर्ट दिला.

आता इतक्या वर्षांनी ते दिवस आठवताना मला शेडच्या पत्र्यावरून खाली येणारा उकाडा आठवतो, गुलमोहराची फुलं ओल्या फायबरवर पडू नयेत म्हणून वैशालीनं धरलेली जुनी चादर आठवते. परवा तिला विचारलं, तुला त्यातलं काय आठवतं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्या मानेमागं डांबराचा एक डाग होता. दोन आठवडे होता. तो तुम्हाला दिसत नव्हता आणि मी पुसत नव्हते."

मेच्या अखेरीला आम्ही ट्रॅकवर गेलो. गाडी आता रस्त्यावर चालवायची नव्हती म्हणून टोइंगच्या ट्रकवर चढवून नेली. ट्रक गंगापूरकडच्या एका माणसाचा होता, सगळे त्याला नानाभाऊ म्हणत. आम्ही दोघं त्याच्या केबिनमध्ये बसलो. रात्र पुण्यात वैशालीच्या मावशीकडं काढली आणि सकाळी साडेसातला ट्रॅकवर पोचलो.

मी सहा फेऱ्या मारल्या. गाडी फार चांगली चालली. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण त्या कामात खोट नव्हती. ब्रेकवर पाय ठेवला की जागेवर बसायची, वळणात स्टीअरिंग जिकडं वळवावं तिकडं नाक न हालता जायचं. आवाज रोखणारं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळं इंजिन आणि टायर आणि पत्र्यावर उडणारे खडे, सगळं डोक्यात वाजत होतं. आधीच्यापेक्षा साडेपाच सेकंद कमी लागले. तिथल्या लोकांच्या हिशेबात हा मोठा फरक. शेजारच्या गाडीवाल्यांनी येऊन पाठ थोपटली, बॉनेट उचलून बघितलं, कुणी बनवलं विचारलं. मी रफिकभाईंचं नाव सांगितलं. हेल्मेट काढलं आणि वाट बघितली. तीन महिन्यांपासून मी ज्यासाठी काम करत होतो ते आता यायला हवं होतं. काही आलं नाही. घाम होता, तहान होती, बस.

वैशाली कठड्याशी उभी होती, हातात फोन. "साडेपाच," म्हणाली. मग म्हणाली, "मी एक फेरी मारू का?"

"तू?"

"गाडी माझी पण आहे."

तिथल्या व्यवस्थापकानं हरकत घेतली नाही. गाड्या थंड होत होत्या, ट्रॅक पंधरा मिनिटं मोकळा होता. सावकाश चालवा ताई, इतकंच म्हणाला. मी सीट पुढं घेतली, तिच्या पाठीमागं टॉवेलची घडी घातली, पट्टे आवळले, माझं हेल्मेट तिला घातलं. हनुवटीखालचं बक्कल लावताना माझी बोटं तिच्या गळ्याला लागली. तिनं समोर बघत विचारलं, "आतला आवाज बाहेर ऐकू येतो का?"

"नाही. तुलाच तुझं ऐकू यायचं नाही."

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत सावकाश. सरळ पट्ट्यावर तिनं वेग घेतला. पुढं ट्रॅक एका टेकाडामागं जातो आणि गाडी दिसेनाशी होते. आवाज येत राहतो. मी आवाज धरून उभा होतो. एका जागी तो एकदम खाली गेला आणि थांबला.

मी मोजत होतो. तिथून परत दिसायला मला बारा सेकंद लागायचे. वीस झाले. तीस झाले. आवाज नाही. मी कठड्यावरून उडी मारून ट्रॅकच्या कडेनं पळत सुटलो. मागून कुणीतरी ओरडत होतं. मी तिचं नाव घेत पळत होतो. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा मला भीती वाटत होती, आणि ती इतकी मोठी होती की माझा श्वास पुरेना.

टेकाडाला वळसा घातला तर गाडी डांबराच्या कडेला नीट उभी होती. इंजिन चालू होतं, मंद. वैशाली आत बसलेली, दोन्ही हात स्टीअरिंगवर. मी खिडकीशी गेलो. तिनं हेल्मेटची काच वर केली. डोळे लाल, चेहरा पूर्ण ओला.

"काय झालं? लागलं का?"

"नाही." तिला धाप लागली होती. "मी तिला हाका मारत होते. मोठ्यानं. वेग वाढला तसा आवाजही वाढला, मग मी ओरडून ओरडून मारल्या. शेवटी गळाच बसला, म्हणून थांबले."

"कुणाला?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"आपल्या मुलीला. नाव ठेवलंय मी. मुलगी झाली तर म्हणून पाचव्या महिन्यातच ठेवलं होतं. तुम्हाला बारशाला सांगणार होते." आणि तिनं नाव सांगितलं. "ईश्वरी."

मी दारावर हात ठेवून उभा राहिलो. पत्रा तापलेला होता. चटका बसत होता, पण मी हात काढला नाही. माझ्या तोंडून ते नाव निघालं नाही. मी फक्त म्हणालो, "चल, सरक." पण सरकायला जागाच नव्हती. एकच सीट. मग ती हळूहळू गाडी चालवत राहिली आणि मी खिडकीवर हात ठेवून शेजारून चालत राहिलो. अशी ती फेरी आम्ही पूर्ण केली. व्यवस्थापक झेंडा हातात धरून बघत होता.

दुपारी गाडी ट्रकवर चढवली आणि निघालो. नानाभाऊ स्टीअरिंगवर, मधे मी, खिडकीशी वैशाली. शिरूर गेलं. ऊन आता मागून येत होतं. कुणीच बोलत नव्हतं, म्हणून असेल, नानाभाऊंनी बोलायला विषय काढला. आधी पाण्याचं, मग उसाचं, मग त्यांच्या दोन पोरांचं, थोरला बारावीला, धाकटी सातवीला, लई हुशार. मग सहज विचारलं, "तुमाला काय हाय दादा? पोरगा का पोरगी?"

हा प्रश्न त्या तीन महिन्यांत मला बऱ्याच जणांनी विचारला होता. मी "नाही अजून" म्हणायचो आणि विषय संपायचा. या वेळी वैशाली खिडकीबाहेर बघत होती. ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती बोलली नाही. तिचा गळा बसलेला होता.

"मुलगी," मी म्हणालो. "झाली तेव्हाच गेली. फेब्रुवारीत."

नानाभाऊंनी गाडीचा वेग कमी केला. एक ट्रक आमच्या बाजूनं पुढं निघून गेला. थोड्या वेळानं त्यांनी, रस्त्यावरची नजर न काढता, विचारलं, "नाव काय ठिवलं व्हतं?"

वैशालीनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

"ईश्वरी," मी म्हणालो. आवाज बरोबर निघाला नाही म्हणून परत म्हणालो, "ईश्वरी शिंदे."